चित्रातली ती बाई कोण?

मैत्रिणींनो, आज आधी एक प्रश्न. लाइफलाइन एकही नाही, ते आधीच सांगते.

कॅलेंडरवर, एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीवर, नाहीतर फ्रेमवाल्याच्या दुकानात तुम्ही हे चित्र नक्की पाहिलंय. साडी नेसलेली एक तरुण बाई हातात दिवा घेऊन उभी आहे. दुसऱ्या हाताचा तिने ज्योतीला आडोसा केलाय. ज्योतीचा उजेड बोटांच्या फटींतून झिरपतोय आणि तिच्या चेहऱ्यावर पसरलाय. सांगा बघू, हे चित्र कोणाचं? पर्याय अ, राजा रविवर्मा. पर्याय ब, सा. ल. हळदणकर. पर्याय क, महादेव धुरंधर. पर्याय ड, अमृता शेरगिल.

आमच्या अंबडला मी हा प्रश्न अकरा जणींना विचारला. भिशीला जमलो होतो, त्यामुळे गिऱ्हाइकं आयतीच मिळाली. नऊ जणी म्हणाल्या रविवर्मा. एक म्हणाली, "मला बाई चित्रातलं काही कळत नाही." आणि एकीने सरळ विचारलं, "किती रुपयांचा प्रश्न आहे ते आधी सांगा, मग डोकं चालवते."

बरोबर उत्तर ब. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, मूळचे सावंतवाडीचे. चित्राचं नाव 'ग्लो ऑफ होप', काळ १९४५-४६, आणि माध्यम जलरंग. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या चित्रसंग्रहात ते आहे. तिथे जाऊन आलेली मंडळीसुद्धा घरी येऊन बिनदिक्कत सांगतात, "रविवर्म्याची ती दिवेवाली पाहिली!" रविवर्मा तर १९०६ सालीच वारले. पण सुंदर बाई, साडी आणि दिवा एकत्र दिसला की आपल्याला दुसरं नाव सुचतच नाही.

आणि चित्रातली ती बाई कोण? हळदणकरांची मुलगी गीता, पुढे गीता उपळेकर झाल्या. कोल्हापूरला राहत होत्या आणि २०१८ साली वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. त्या गेल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली तेव्हा कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं की त्या दिव्यामागे खरी, हाडामांसाची, आपल्याच महाराष्ट्रातली बाई होती. सत्तर वर्षं तिचा चेहरा घराघरांत होता आणि नाव मात्र कोणाला ठाऊक नव्हतं.

हे सगळं डोक्यात यायचं कारण टीव्हीवरचे प्रश्नमंजूषेचे कार्यक्रम. जुलै २००० मध्ये 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि रात्री नऊला गल्ल्या ओस पडायला लागल्या, हे तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. मूळ कार्यक्रम इंग्लंडचा, १९९८ चा. पुढे तो मराठीतही आला. २०१३ मध्ये सचिन खेडेकरांनी 'कोण होईल मराठी करोडपती' केलं, २०१९ मध्ये नागराज मंजुळेंनी 'कोण होणार करोडपती' केलं. आमच्या अंबडला एमआयडीसी असल्यामुळे निम्मी घरं शिफ्टवर चालतात. सेकंड शिफ्टचा नवरा कंपनीत, मुलं अभ्यासाच्या नावाखाली पेंगलेली, आणि बाई पोळ्या लाटता लाटता हॉटसीटवरच्या माणसाच्या आधी उत्तर देते. पण देते ती मनातल्या मनात! नाहीतर फार तर कढईला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

आता दुसरी गोष्ट सांगते, ती अमेरिकेतली आहे. तिथल्या याच कार्यक्रमात २००३ साली नॅन्सी क्रिस्टी नावाची बाई दहा लाख डॉलर्सच्या शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचली. त्याआधी तिथे हे सर्वोच्च बक्षीस पुरुषांनीच नेलेलं होतं. आणि शेवटचा प्रश्न आला तो चित्रकलेच्या इतिहासाचा! ग्रँट वूड या चित्रकाराचं 'अमेरिकन गॉथिक' नावाचं १९३० सालचं एक चित्र आहे. आज शिकागोच्या संग्रहालयात आहे. पांढऱ्या लाकडी घरासमोर चष्मेवाला, टकलू, रागीट चेहऱ्याचा शेतकरी उभा आहे. हातात गवत उचलायचा तीन दातांचा काटा. शेजारी केस चापून बांधलेली, तोंड उतरलेली बाई. प्रश्न असा होता, की या शेतकऱ्यासाठी चित्रकाराने मॉडेल म्हणून कोणाला उभं केलं? फिरता विक्रेता, गावचा शेरीफ, त्याचा दातांचा डॉक्टर, की त्याचा खाटीक?

नॅन्सीबाईंनी दातांचा डॉक्टर म्हटलं आणि त्या जिंकल्या. (दातांचा डॉक्टर आणि हातात तीन दातांचा काटा! चित्रकार मनात हसला असेल की नाही?)

आता मला या प्रश्नाची खरी गंमत कुठे वाटते ते सांगते. प्रश्न पुरुषाबद्दल विचारला. शेजारच्या बाईबद्दल विचारलाच नाही. ती कोण होती? ग्रँट वूडची सख्खी बहीण, नॅन. लोक त्या दोघांना नवरा-बायको समजतात, पण चित्रकाराच्या मनात ती त्या शेतकऱ्याची मुलगी होती. डॉक्टर आणि नॅन चित्रासाठी एकत्र उभेही राहिले नव्हते, दोघांनी वेगवेगळ्या वेळी बैठक दिली. म्हणजे तिकडे बहीण आणि इकडे मुलगी. चित्रकाराला बाई हवी झाली की आधी नजर घरात जाते. का, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. घरातली बाई पैसे मागत नाही, 'किती वेळ लागेल' विचारत नाही, आणि हात दुखला तरी दिवा खाली ठेवत नाही.

म्हणून मला या कार्यक्रमांमधले चित्रकलेचे, शिल्पकलेचे प्रश्न फार आवडतात. लोक म्हणतात, हे प्रश्न अन्यायाचे. क्रिकेट विचारा, सिनेमा विचारा, राज्यघटना विचारा, पण चित्र कोणाचं हे कोणाला माहीत असतं? मला वाटतं, अन्याय प्रश्नात नाही, आपल्या शाळेच्या वेळापत्रकात आहे. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताचा पोर्शन भरून काढायचा तास, हे तुम्हीही अनुभवलं असेल. आणि तो तास झालाच तर काय? वस्तुचित्र, संकल्पचित्र, एक घागर, दोन वांगी आणि मागे पडदा. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना आपल्या मुली मोठ्या संख्येने बसतात, चांगल्या श्रेणीही मिळवतात, दहावीला त्याचे वाढीव गुणही पदरात पडतात. गुण पडले की रंगपेटी माळ्यावर. चित्र काढायला शिकलेल्या त्या मुलीला चित्र बघायला मात्र कोणी शिकवलेलं नसतं. अजिंठा कुठे आहे हे तिला येतं, भूगोलाच्या नकाशात. तिथल्या भिंतीवर काय रंगवलंय हे विचारलं की ती गप्प.

अमृता शेरगिलचं उदाहरण घ्या. ही मुलगी पॅरिसला शिकून आली आणि तिने अजिंठा पाहिला. तिची त्यानंतरची चित्रं पाहिली की ती तिथून काय घेऊन गेली ते लगेच कळतं. आपल्या महाराष्ट्रातल्या भिंतींनी तिचा हात बदलला. ती १९४१ साली वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. २०२३ साली तिचं एक चित्र लिलावात ६१ कोटी ८० लाखांना विकलं गेलं. हॉटसीटवरच्या सगळ्यात मोठ्या बक्षिसाच्या कितीतरी पट! आणि आपण? अजिंठ्याच्या सहलीला जातो, बाहेर फोटो काढतो, आत अंधार आहे म्हणून लवकर बाहेर येतो आणि डबे उघडतो.

बरं, अजिंठा लांब आहे असं म्हणाल. अंबडच्या बाईला तर तीही सबब नाही. पाथर्डी फाट्याकडून निघालं की महामार्गाला लागून समोर डोंगर आहे. पांडवलेणी. लहानपणापासून आपण तिला पांडवलेणी म्हणतो, पांडवांचा तिच्याशी काही संबंध नसला तरी. खरी ती बौद्ध लेणी, त्रिरश्मी डोंगरातली, चोवीस गुंफांची, आणि सुरुवात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक. रविवारी आपण स्मारकाच्या बागेत भेळ खातो, पोरं खेळतात. वर चढून गेलंच तर व्यायाम म्हणून.

पण वर काय आहे ते ऐका. तीन नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात एक मोठा शिलालेख आहे, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. महाराष्ट्राचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्या लेखाच्या दारात यावंच लागतं, कारण गौतमीपुत्र सातकर्णी हा केवढा मोठा राजा होता, त्याने कोणाकोणाला हरवलं, त्याची घोडी तीन समुद्रांचं पाणी कशी प्यायली, हे तिथे कोरलंय. कोरून घेतलं कोणी? त्याच्या आईने! गौतमी बलश्रीने. मुलगा गेल्यावर, नातवाच्या, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने हे लेणं भिक्षूंना दान दिलं आणि आपल्या मुलाची आठवण दगडात लिहून ठेवली. स्वतःची ओळखही तिने करून दिली आहे. महाराजाची आई आणि महाराजाची आजी. सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमणारी. पोराचं कौतुक करताना आई थांबत नाही हे दोन हजार वर्षांपूर्वीही तसंच होतं, हे वाचून मला तर फार बरं वाटलं. विशेष म्हणजे आज त्या पराक्रमी राजाबद्दल आपण जे ठासून सांगतो, त्यातलं पुष्कळसं त्याच्या आईच्या तोंडचं आहे.

तिथून पुढे दहा नंबरच्या लेण्यात दक्षमित्रेचं नाव आहे. नहपान क्षत्रपाची मुलगी आणि उषवदाताची बायको. नवऱ्याचे लांबलचक लेख तिथे आहेतच, इतक्या गाई दिल्या, इतकी गावं दिली. हिचा लेख दोन ओळींचा. एक खोली दान दिली, बस्स. पण नाव स्वतःचं.

आणि अठरा नंबर! हा तिथला चैत्य, कमानीच्या दाराचा, सगळ्यात देखणा. कलेच्या इतिहासाची पुस्तकं त्याच्या दर्शनी भागाचं छायाचित्र छापतात. दाराच्या कमानीचं काम गावकऱ्यांच्या दानातून झालं असं तिथे लिहिलंय, आणि आत खांबावर लिहिलंय की हे चैत्यगृह पूर्णत्वाला नेलं भट्टपालिका नावाच्या बाईने. कोणाची मुलगी, कोणाची बायको, कोणाची आई, हे सगळं तिने सांगितलंय, कारण रीतच तशी होती. वडील राजाचे अमात्य, नवरा राजाच्या भांडाराचा अधिकारी. पण काम पूर्ण केलं ते हिने.

विचार करा, नाशिकचं हे एवढं मोठं शिल्प एका बाईने तडीस नेलं आणि आपल्याला ते माहीत नाही. आपल्या पोरींना नाही, शाळेतल्या बाईंनाही बहुधा नाही. उद्या एखाद्या कार्यक्रमात एक कोटीला विचारलं, "नाशिकच्या लेण्यांतलं चैत्यगृह पूर्ण करणारी दानशूर स्त्री कोण?" तर अंबडची बाई क्विट करून घरी येईल. आणि तिच्या गच्चीवरून तो डोंगर दिसत असेल!

आता तुम्ही म्हणाल, ही बाई आम्हाला पाठांतर करायला लावणार. मुळीच नाही. पाठांतराने काय होतं आणि काय होत नाही ते आपल्या बायकांनी दाखवून दिलंय. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे आठवतात ना? शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या, महिन्याला दीड हजार रुपये मानधन. २०१९ मध्ये त्यांनी एक कोटी जिंकले. त्यांचा कोटीचा प्रश्न कशाचा होता? बहादूरशाह जफरच्या काळातला, 'दास्तान-ए-गदर' लिहिणाऱ्या शायराचा. जहीर देहलवी हे उत्तर अमरावती जिल्ह्यातल्या खिचडी शिजवणाऱ्या बाईने दिलं! कोल्हापूरच्या कविता चावला बारावीपर्यंत शिकलेल्या गृहिणी, २००० पासून या कार्यक्रमासाठी धडपडत होत्या. २०२२ मध्ये त्यांना कोटी मिळाले. वीस वर्षं! मुलाचा अभ्यास घेता घेता, घरकाम करता करता त्या शिकत राहिल्या. (कोटीतला तीस टक्के आणि वर अधिभार सरकारजमा होतो, हेही सांगून ठेवते, म्हणजे नातेवाईक हिशेब नीट करतील.)

या दोघींकडे पाहून लोक म्हणतात, "बघा, साधी गृहिणी असून किती ज्ञान!" हे 'असून' मला खटकतं. गृहिणी असून नाही. गृहिणीला हजार गोष्टी ठाऊक असतात, तिला कोणी विचारत नाही एवढंच. मापात, रंगात, नक्षीत तिची नजर तयार असते. पैठणीच्या पदरावरचा मोर खरा विणलेला की छापलेला, हे येवल्याच्या दुकानात ती लांबून ओळखते. रांगोळीतला ठिपका चुकला तर तिला झोप लागत नाही. ही नजर म्हणजे कलेची नजर नाही तर काय आहे? पण चित्राचा प्रश्न आला की तीच म्हणते, "मला बाई त्यातलं काही कळत नाही."

वारली चित्रांचं तर उघड उदाहरण आहे. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा मान सवाशिणींचा. पिढ्यान् पिढ्या बायकांनी तो लिहिला. १९७० च्या दशकात ही कला कागदावर आली, जगभर गेली, आणि प्रश्नमंजूषेत आज उत्तर असतं जिव्या सोमा म्हसे. त्यांचा मोठेपणा निर्विवाद, २०११ ची पद्मश्री त्यांना मिळाली ती योग्यच. पण त्यांच्या आधी ज्या हातांनी भिंती लिहिल्या त्यांच्यासाठी पर्याय अ, ब, क, ड यांत जागाच नाही. लग्न झालं, चौक पुसट झाला, नाव मुळात लिहिलेलंच नव्हतं.

याच्या उलट अंबिका धुरंधर. महादेव धुरंधरांची मुलगी. वडील एवढे मोठे चित्रकार, तीही आयुष्यभर नुसतं मॉडेल म्हणून उभी राहू शकली असती. पण तिने ब्रश हातात घेतला, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९३१ साली पदविका घेतली. त्या काळी तिथे मुली मोजक्याच. आणि पुढे स्वतःच्या आठवणींचं पुस्तकही लिहिलं. एका चित्रकाराच्या मुलीने दिवा धरला, दुसऱ्याच्या मुलीने ब्रश. दोघींत लहानमोठं करण्याचा माझा हेतू नाही. गीताताईंनी दिवा इतका छान धरला म्हणूनच चित्र झालं. फक्त चित्राखाली दोन नावं असायला काय हरकत होती?

आणि हो, फाळके स्मारकाच्या बागेत भेळ खाताना पोरांना विचारायला एक प्रश्न देऊन ठेवते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या, जे.जे.मध्ये चित्रकला शिकलेल्या दादासाहेबांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये, १९१३ साली, तारामतीचं काम कोणी केलं? उत्तर, अण्णा साळुंके. पुरुष! बाई मिळेना. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे पडद्यावर बाईचं काम बाईने केलं.

आमच्या भिशीत आता ठरलंय. पुढच्या महिन्याची भिशी कोणाच्या घरी नाही, अठरा नंबरच्या लेण्यासमोर. भारतीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे डबे खालीच ठेवायचे. गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळी लवकर निघायचं, ऊन चढायच्या आत. तीन नंबरला बलश्री, दहाला दक्षमित्रा, अठराला भट्टपालिका. ब्राह्मी कोणालाच वाचता येत नाही, पण एका मैत्रिणीची मुलगी इतिहास घेऊन बी.ए. करतेय, तिला लेखांची मराठी भाषांतरं कॉलेजच्या लायब्ररीतून उतरवून आणायला सांगितलंय. "किती रुपयांचा प्रश्न" विचारणारी मैत्रीण सगळ्यात आधी तयार झाली. तिने एकच अट घातली आहे, चढताना मध्ये मध्ये कोणी प्रश्न विचारायचे नाहीत.